मारलंय

फहाहीलच्या ठाण्यात, रात्री पावणेतीनला,
रुपेश मेस्त्री एवढंच बोलला होता:
मिया मारलंय तेका.

तीन शब्द. मी झोपेतून उठून आलेलो,
एका बैठकीचे पंधरा दिनार,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
हारिस बिलालचं प्रेत तोवर शवागारात पोचलं होतं
म्हणून शब्दही आपोआप त्याच बाजूला कलला.
मी अरबीत म्हणालो, क़तलतुहू.
अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. शिक्का मारला.

ज़रबतुहू म्हणता आलं असतं.

खालच्या कोर्टात फाशी.
अपिलात फाशी कायम.
आता तमयीज़, शेवटचं. तिथं माणूस उभा करत नाहीत,
नुसते कागद बोलावतात.
मुदतीचे अकरा दिवस उरलेत.

मुदत, तारीख, वकील, हुकूम, कायम, रद्द,
यांचं मला भाषांतर करावं लागत नाही,
आमच्या हर्णैच्या धक्क्यावर ते कधीचेच उतरलेत,
उच्चार तेवढे घासून घ्यायचे.
अडलं ते घरच्या शब्दाशी.

वकील फवाज़ म्हणाले, दोन पानं लिहून दे,
तुझ्या भाषेत या क्रियापदाचे अर्थ किती?

लिहायला बसलो.
आम्ही हाक मारतो. मिठी मारतो.
गप्पा मारतो, फेरी मारतो, विहिरीत उडी मारतो,
आईनं मारलं तरी रात्री तिच्याच हातचं जेवतो.
जीवच घेतला असेल तर आधी एक शब्द लावतो: ठार.
तो आरोपीच्या तोंडी नव्हता.
खाली सही, परवाना क्रमांक.
ती चूक करणारा आणि हे लिहिणारा एकच,
हे वाक्य दुसऱ्या पानाच्या तळाशी घातलं होतं.
मग उचलून पहिल्या ओळीत आणलं.

खैरुन्निसा फोनवर म्हणाली, परवाना गेला तर?
मग बराच वेळ नुसता तिच्या कुकरचा आवाज.

सुलैबियाच्या तुरुंगात, काचेपलीकडे,
रुपेशनं पानं पाहिली, वाचली नाहीत.
गच्चीच्या किल्लीवरून भांडण, हातात पाना होता,
हे त्यानं कधीच नाकारलं नाही.
म्हणाला, चाचा, तो गेलो तो माझ्याच हातान.
मगे शब्द बदलून काय व्हतला?

याचं उत्तर मला दोन्ही भाषांत आलं नाही.
मी विचारलं, जेवतोस ना?
तो म्हणाला, भात बरो असता.

नोआखालीला तीन पत्रं गेलीत.
बिलालची आई लिहिता येत नाही म्हणून गप्प आहे
की लिहायचं नाही म्हणून, कुणी सांगत नाही.
तिच्या अंगठ्याच्या एका ठशावर फास सैल होऊ शकतो
असं फवाज़ म्हणतात. त्या बाईनं तो का द्यावा,
हे ते म्हणत नाहीत.

कुवेतला आलो त्या वर्षी
कफीलच्या दारात उभा राहून म्हणालो होतो, माफी.
फोडलेल्या काचेबद्दल.
तो हसला. मा फी?
म्हणजे नाही. संपलं. काही शिल्लक नाही.
फलूस मा फी, खुब्ज़ मा फी.
तेव्हापासून मी तो शब्द जपून काढतो.

आज फरवानियाच्या टायपिंग सेंटरात गर्दी,
व्हिसावाले, ड्रायव्हिंग लायसन्सवाले,
एक बाई बाळाचं नाव दुरुस्त करायला आलेली.
काउंटरवरचा पोरगा खेडचा आहे.
दोन पानं टाचली, कोपरे जुळवले,
शिक्का शाईत दाबून वर धरला
आणि विचारलं, मारू काय, चाचा?

थांब, म्हणालो.
पहिली ओळ पुन्हा वाचायची होती.